शितावरून भाताची परीक्षा

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ती सध्या व्यवस्थापनाचं शिकतेय. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिनं विषय घेतलाय, कळव्यात घरी बसून पापड, मसाले, शिवणकाम करणाऱ्या बायकांचा. विषय ठरला, पण गाडी अडली.

"मामा, क्वांटिटेटिव्ह करू की क्वालिटेटिव्ह? एक सर म्हणतात दोनशे फॉर्म भरून घे, तक्ते कर, मार्कं मिळतील. मॅडम म्हणतात दहाच बायकांशी नीट बोल."

मी साधा बी.कॉम. झालेला माणूस. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलं. पण "मामाला सगळं कळतं" हा गैरसमज भाच्यांनी लहानपणापासून जपलाय, आणि मीही तो कधी दूर केलेला नाही. "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि मग झोपच येईना. कारण या प्रश्नाशी माझं एक जुनं, न मिटवलेलं खातं आहे. ते शेवटी सांगतो. आधी जरा इतिहास, कारण हा प्रश्न भाचीच्या कॉलेजात जन्मलेला नाही. आपल्या महाराष्ट्रात तो दोनशे वर्षं चालू आहे.

(दोन शब्दांचा अर्थ आधी सांगून टाकतो, म्हणजे आमच्या नातेवाईक मंडळींनी फोन करून विचारायला नको. 'किती?' या प्रश्नाचं उत्तर शोधणारी पद्धत म्हणजे संख्यात्मक. 'कसं?' आणि 'का?' विचारणारी ती गुणात्मक. पहिलीत मोजतात, दुसरीत ऐकतात. बाकी सगळा तपशील.)

तर, पेशवाई १८१८ साली संपली. पुण्यात थॉमस कोट्स नावाचा एक इंग्रज सर्जन होता. नव्यानं हाती आलेल्या मुलखात लोक राहतात कसे, हे बघायला त्यानं पुण्याजवळचं एक गाव निवडलं, लोणी. आज आपण नगर रस्त्यावरचं लोणीकंद म्हणतो ते. घरं किती, माणसं किती, गुरं किती, जमीन कुणाकडे, कर्ज कुणावर हे सगळं त्यानं मोजलं. आणि त्याच लेखात लोक काय खातात, काय नेसतात, कसे वागतात हेही लिहून ठेवलं. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात १८२३ साली ते छापून आलं. त्या बिचाऱ्याला आपण दोन वेगवेगळ्या पद्धती वापरतोय हे माहीतही नसणार! डॉक्टर माणूस. नाडी मोजायची आणि "काय होतंय?" असंही विचारायचं, या दोन्ही सवयी त्याच्या धंद्यातल्याच होत्या.

पुढे सव्वाशे वर्षांनंतर मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, मुंबई विद्यापीठात भारतातल्या समाजशास्त्राचा पाया घालणारे, यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला. 'सव्वाशे वर्षांनंतर: लोणीकंद तेव्हा आणि आता' अशा अर्थाच्या नावाचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९६० साली आलं. कोट्सनं आकडे आणि वर्णन दोन्ही ठेवलं म्हणून घुर्ये तुलना करू शकले. नुसतं वर्णन असतं तर "पूर्वी बरं होतं हो" एवढंच हाती आलं असतं. नुसते आकडे असते तर त्या आकड्यांत राहणारी माणसं कशी होती, ते कळलं नसतं.

आता दुसरं गाव. पिंपळे सौदागर. आज तिथे फ्लॅट घ्यायचा म्हटला तर सामान्य माणसाला घाम फुटतो. संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांचे मनोरे उभे आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी ते शेतकऱ्यांचं खेडं होतं आणि तिथे हॅरॉल्ड मॅन नावाचा माणूस वही घेऊन फिरत होता. हा मुळात रसायनशास्त्रज्ञ. आधी चहावर संशोधन केलं, मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. मातीचं रसायन तपासता तपासता त्याला प्रश्न पडला, की या मातीवर जगणाऱ्या माणसाचं काय? मग त्यानं आपल्या सहकाऱ्यांना घेऊन गावातलं प्रत्येक घर, प्रत्येक शेत तपासलं. जुनी दफ्तरं काढून पेशवाईपर्यंत मागे गेला. त्याचं पुस्तक १९१७ साली निघालं.

त्यातले तीन आकडे मला तोंडपाठ आहेत. गावातलं सरासरी शेत १७७१ साली ४० एकर होतं, १८१८ साली साडेसतरा एकर, आणि १९१४-१५ साली ७ एकर. बस्स. तीन आकडे. पण तोपर्यंत शेतकरी कर्जात का बुडतो यावर सरकारदरबारी भाषणं व्हायची, की तो लग्नात उधळतो, तो आळशी आहे वगैरे. मॅननं दाखवलं की गावातल्या बऱ्याचशा कुटुंबांचं पोट नुसत्या जमिनीवर भरणंच शक्य राहिलेलं नाही. उधळपट्टीवरचं प्रवचन सात एकरांच्या या हिशेबासमोर उघडं पडतं. चांगला आकडा हे काम करतो. तो गरिबाच्या बाजूनं साक्ष देतो, आणि त्याची साक्ष "मला असं वाटतं" म्हणून उडवून लावता येत नाही.

पण एक गाव मोजता येतं. अख्खा देश कसा मोजणार?

याचं उत्तर आपल्या आज्यांना माहीत होतं. शितावरून भाताची परीक्षा! आख्खं पातेलं कुणी चाखत नाही. एक शीत बोटात दाबून बघायचं. संख्याशास्त्रात याला नमुना म्हणतात. फक्त आजी एक गोष्ट करायची ती आपण विसरतो. शीत काढायच्या आधी ती भात तळापासून हलवायची. वरवरचं शीत घेतलं तर ते शिजलेलं असेल आणि तळाशी करपलेलं असेल. नमुना पाहणीतलं निम्मं शास्त्र या हलवण्यात आहे.

आणि बाकीचं निम्मं, शीत कसं दाबता यात. याचा एक झकास किस्सा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, १९११ चा जन्म, मोठे संख्याशास्त्रज्ञ. १९४० च्या दशकात देशात पीक किती येतं हे ठरवायला शेतातला छोटा तुकडा कापून धान्य तोलायची पद्धत रुजत होती. तिकडे कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान लहान तुकडे घेत. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. का? तर कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. भरलेलं कणीस कुणाला सोडवतंय! तुकडा जितका लहान, तितकी त्यात कडेची रोपं जास्त, आणि तितकी चूक मोठी. मोजणाऱ्याचा लोभ आकड्यात उतरतो, तोही कुणी खोटं न बोलता. मला हे वाचल्यावर आमच्या वाण्याचा तराजू आठवला. असो.

इकडे पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली सुरू झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांनी वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी केली, शिवाय अख्ख्या पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, जिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली छापले गेले. नंतर सोवनींनी त्याच शहराची फेरपाहणी केली. म्हणजे लोणीकंदसारखंच, पुन्हा जाऊन बघणं. मला या लोकांचं हेच फार आवडतं. एकदा बघून "कळलं" असं म्हणून ते थांबत नाहीत.

याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा तो गाजलेला अभ्यास मांडला. त्यांनी विचारलं, माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढं अन्न खाता यावं यासाठी महिन्याला किती खर्च लागतो? १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, असं उत्तर निघालं. मग राष्ट्रीय नमुना पाहणीचे तक्ते लावून पाहिलं तर खेड्यांतली ४० टक्के आणि शहरांतली ५० टक्के माणसं या रेषेखाली होती. 'दारिद्र्यरेषा' हा शब्द आज रेशनकार्डामुळे आपल्या तोंडी बसलाय. त्याच्यामागचा एक मोठा हिशेब हा पुण्यात झालेला.

आणि वाद कुणी घातला? पुन्हा सुखात्म्यांनीच. ते म्हणाले, माणसाचं शरीर काही ठरावीक लिटर पेट्रोलवर चालणारं यंत्र नाही. एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक बदलते, कमी अन्नाशी शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं, त्यामुळे सरासरीला रेषा धरलीत तर धडधाकट माणसंही उपाशी म्हणून मोजाल. दांडेकरांनी ते मानलं नाही. गरिबानं कमी खाणं म्हणजे त्याच्या शरीरानं केलेली तडजोड, की त्याच्यावर लादलेली? हा वाद वर्षानुवर्षं चालला. दोघेही सातारा जिल्ह्याचे, दोघेही आकड्यांचे पंडित! मला त्यातून एवढं कळलं की आकडा काढायच्या आधीच 'भूक म्हणजे काय' हे कुणीतरी ठरवलेलं असतं. आणि ते ठरवताना आकडा मदतीला येत नाही.

आता जरा दुसऱ्या बाजूला जाऊ. इरावती कर्वे.

बहुतेकांना त्या 'युगान्त'मुळे माहीत. पण ही बाई मोजण्याच्या शाळेत तयार झालेली. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या प्राध्यापकाकडे त्यांनी डॉक्टरेट केली. विषय होता माणसाच्या कवट्यांची डावी-उजवी बाजू किती असमान असते. गुरूंचा समज असा, की या असमानतेत वंशावंशांत फरक दिसेल आणि युरोपीय माणूस श्रेष्ठ ठरेल. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की तसा काही फरक दिसत नाही. परक्या देशात, पंचविशीच्या आतली मुलगी, ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून त्यांच्याच समजुतीविरुद्ध आकडा ठेवते. हे फिशर पुढे नाझी वंशविज्ञानाचे मोठे आधारस्तंभ झाले. तेव्हा त्या मुलीनं काय केलं ते आज जास्त कळतं.

आणि हीच बाई पुढे पंढरीच्या वारीत पायी चालली. दिंडीत लोकांबरोबर जेवली, आणि एकाच दिंडीतल्या वेगवेगळ्या जातींच्या पंगती वेगळ्या बसतात हे पाहून अस्वस्थ झाली. ते सगळं तिनं लिहिलं. तिथे मोजपट्टी नव्हती. पण त्या लेखात महाराष्ट्र म्हणजे काय हे जसं कळतं, तसं कुठल्या तक्त्यात कळेल?

१९६३ साली इरावतीबाई आणि य. भा. दामले यांनी खेड्यातल्या गटागटांमधल्या संबंधांवर एक पुस्तक काढलं. माझ्या भाचीचा प्रश्न त्यात अक्षरशः प्रयोग म्हणून घेतलाय! नातं, जात आणि शेजार यांवरून माणसं एकमेकांशी कशी वागतात, याची माहिती त्यांनी मोजून काढलेलीही घेतली आणि बोलून काढलेलीही, आणि दोन्ही एकमेकींशी ताडून पाहिल्या. पुढे कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली, ती १९६९ साली छापली. म्हणजे "हे की ते" असा वाद आपल्याकडच्या जाणत्यांनी साठ वर्षांपूर्वीच हातावेगळा केला होता. आपण अजून मार्कांसाठी भांडतोय.

अलीकडचं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि आयुष्यात त्यासाठी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा आकडा जगभर गेला, कारण तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं. पण मला सांगा, तपासणीला ६५० बायका तयार कशा झाल्या असतील? कुणीतरी आधी त्यांच्याजवळ बसलं असणार, त्यांच्या भाषेत त्यांच्या दुखण्याला काय म्हणतात ते ऐकलं असणार. राणीताईंनी पुढे स्त्रियांच्या त्या बोलण्यावर 'कानोसा' नावाचं पुस्तकच लिहिलं. नावातच सगळं आलं.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं विद्वानांचं. भाची तर व्यवस्थापनाची, धंद्यातली. तिथे काय?

तिथली गोष्ट तर एकाच कंपनीत घडली. अमेरिकेतली वेस्टर्न इलेक्ट्रिक, टेलिफोन बनवणारी. १९२४ च्या मे महिन्यात तिथल्या वॉल्टर श्युहार्टनं साहेबाला एक पानभर चिठ्ठी पाठवली आणि त्यात एक आलेख काढून दाखवला. मालाच्या मापात रोज थोडा फरक पडणारच, पण तो नेहमीचा कधी आणि काळजीचा कधी, हे त्या आलेखाच्या वरच्या-खालच्या रेषा सांगतात. कंट्रोल चार्ट म्हणतात तो हाच. त्याच वर्षी त्याच कंपनीच्या शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात दुसरा प्रयोग सुरू झाला, दिव्यांचा उजेड वाढवला की काम वाढतं का? उजेड वाढवला, काम वाढलं. दुसऱ्या गटाचा उजेड तसाच ठेवला, तिथेही वाढलं! मोजून मोजून उलगडेना, तेव्हा १९२८ पासून कामगारांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. वीस हजारांहून जास्त मुलाखती झाल्या. आधी ठरलेले प्रश्न होते, पण कामगार भलतंच बोलायचे. शेवटी साहेबांनी प्रश्नांची यादी बाजूला ठेवली आणि बोलू दिलं. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली.

श्युहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात महालनोबिसांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेला, आणि तो आलेख पुढे आपल्या कारखान्यांच्या भिंतींवर आला. आमच्या घरातही आला. कारण बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. रविवारी ते मला आलेखाच्या कागदावर ठिपके मांडून दाखवायचे. एकदा म्हणे दुसऱ्या पाळीचे ठिपके सारखे रेषेबाहेर जायला लागले. कामगार नवा, त्याला मेमो द्यायची तयारी झाली. बाबा आपले रात्री आठला सायकल काढून कारखान्यात गेले आणि त्या पोराशेजारी उभे राहिले. त्याच्या यंत्रावरचा दिवा आठवडाभर गेलेला होता! स्टोअरमधून नवा दिवा आणायला चिठ्ठी लागायची आणि नव्या पोराला चिठ्ठी मागायची भीती वाटत होती. बाबा म्हणायचे, "आलेखानं मला सांगितलं की जा. काय झालंय ते त्या पोरानं सांगितलं."

बाबा आता नाहीत. हे वाक्य मात्र आहे.

आता ते जुनं खातं.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना चार पैसे मिळावेत म्हणून एका मार्केट सर्व्हेच्या कामावर गेलो होतो. नाव कशाला घ्यायचं. कपडे धुण्याच्या पावडरीचा सर्व्हे होता. एका फॉर्ममागे ठरलेले पैसे. पारसिकच्या डोंगराच्या बाजूला, चढावरच्या वस्त्यांमध्ये मला चाळीस घरं दिली होती. मे महिना. तेहेतीस घरं केली. सात राहिली. वर चढायचा कंटाळा आला, आणि तोपर्यंत बायका काय उत्तरं देतात ते मला पाठ झालं होतं. खारेगावच्या नाक्यावर चहाच्या टपरीवर बसून सात फॉर्म मी स्वतःच भरले. वयं दिली, माणसं दिली, पावडरी दिल्या. आकडे इतके व्यवस्थित होते, की सुपरवायझरनं पाठ थोपटली.

आईनं पकडलं. रात्री मी फॉर्म लावत होतो आणि ती सहज बघत होती. तिनं सात फॉर्म वेगळे काढून माझ्यासमोर ठेवले.

"ही माणसं तू पाहिलेली नाहीस."

"कशावरून?"

"या घरांत कुणीच अडखळलेलं नाही."

आई शाळेत शिक्षिका. १९८१ आणि १९९१ च्या जनगणनेत कळव्यात घरोघर फिरलेली. तिला माहीत होतं, की खरी माणसं अडखळतात. वय विचारलं की चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशी गोल उत्तरं येतात. मुलं किती म्हटलं की आधी बोटं मोजली जातात. माझ्या सातही बायकांनी बत्तीस, सत्तावीस, एकोणचाळीस अशी चोख वयं सांगितली होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला परत पाठवलं, ऊन उतरल्यावर. ती सात घरं मी केली. त्यातल्या एका घरात पावडर नव्हतीच, कारण साबणाची वडीसुद्धा तुकडा करून वापरत होते. माझ्या टपरीवरच्या फॉर्मात त्याच घराला मी सगळ्यांत महाग पावडर दिली होती.

भाचीनं फोन केला त्या रात्री मला ते घर आठवलं. सात फॉर्मांनी पावडरीच्या कंपनीचं काही बिघडलं नसतं. पण मी सात बायकांच्या तोंडी माझी उत्तरं घातली होती, आणि त्यांना कधी पत्ताही लागला नसता.

गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. माळा रिकामा करताना आईची एक दोनशेपानी वही सापडली. १९९१ सालची. जनगणनेचे कागद तिनं नियमाप्रमाणे जमा केलेले. त्यातलं कुणाचं नाव बाहेर काढायचं नाही, कायदाच आहे १९४८ चा. वहीत एकही नाव नाही, घर नंबर नाही. फॉर्मात जे मावलं नाही ते तिनं रात्री घरी येऊन लिहून ठेवलेलं. दोन-दोन ओळी.

एका बाईला विचारलं, काम करता का? म्हणाली, "नाही हो, घरीच असते." समोर परातीत दीडशे पापड लाटून ठेवलेले. नवराही म्हणाला, ती काही करत नाही.

हा घोळ फक्त त्या घरातला नव्हता. देशभर बायकांचं काम असंच गळत होतं. म्हणून १९९१ च्या जनगणनेत त्या प्रश्नाला एक शेपूट जोडलं गेलं, की शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेलं कामही धरा. आईनं वहीत त्याच्याखाली लिहिलंय: 'पुन्हा विचारलं. पापड कुणाचे? म्हणाली दुकानात देते. मग काम करता की. ती हसली. लिहिलं.'

दुसऱ्या एका पानावर: 'मुलं किती झाली विचारलं. दोन म्हणाली. नवरा पाणी आणायला बाहेर गेला, तेव्हा म्हणाली चार झाली, दोन आहेत. फॉर्मात दोन्ही आकडे लिहिले. थोडा वेळ बसले.'

हे 'थोडा वेळ बसले' कुठल्याच तक्त्यात गेलेलं नाही. पण ते बसणं नसतं तर तक्त्यातला चारचा आकडाही आला नसता. दोन लिहून आई पुढच्या घरी गेली असती आणि हिशेब बरोबर दिसला असता.

दुसऱ्या दिवशी भाचीला फोन केला. म्हटलं, दोन्ही कर. आधी पाच-सहा बायकांकडे जाऊन नुसती बस. त्या आपल्या कामाला काय म्हणतात ते ऐक. 'काम' म्हणतच नसतील, 'हातभार' म्हणत असतील, 'टाइमपास' म्हणत असतील. त्यांचे शब्द घेऊन मग फॉर्म बनव, आणि मग दोनशे घरं कर. रस्त्याकडेच्या सोप्या इमारती करून थांबू नकोस, चढावरची घरंही घे. भात तळापासून हलव. आणि आकडे आले की त्यांतलं जे विचित्र दिसेल ते घेऊन पुन्हा त्याच बायकांकडे जा. सर खूश, मॅडम खूश.

"आणि वेळ कमी पडला तर मामा?"

"तर दीडशे कर. पण एकही टपरीवर बसून भरू नकोस."

"टपरीवर म्हणजे?"

मग तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजीची वही बघायला मिळेल?"

आईला विचारलं. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, कालचं विसरते, १९९१ चं आठवतं. म्हणाली, "दे की. पण तिला सांग, त्या बायकांची नावं शोधायची नाहीत." म्हटलं, सांगतो. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, पुढची जनगणना कधी आहे? २०२१ ची लांबली, आता १ मार्च २०२७ ही तारीख जाहीर झालीय, असं मी सांगितलं. यावेळी कागदही नसणार, सगळं मोबाइलवर. ती म्हणाली, "मग लिहायचं कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या घरी येणाऱ्या शिक्षिकेला पाणी विचारा आणि दोन मिनिटं बसवा, एवढं मात्र सांगून ठेवतो.

तुमच्याकडे कुणी जनगणनेला किंवा असल्या सर्व्हेला गेलं असेल, तर त्यांच्या फॉर्मात न मावलेल्या गोष्टी जरूर कळवा. (हो, कळवा! शाळेपासून हा विनोद ऐकतोय. आज मीच केला.)